कोयत्याने वार केल्याचा आरोप असणाऱ्यांना जामीन मिळावा का?

बांधकरी (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न तत्त्वाचा आहे, पण तो आमच्या घरातूनच निघाला असल्यामुळे आधी थोडी हकीकत सांगणे भाग आहे. गावाचे, पोलीस ठाण्याचे आणि न्यायालयाचे नाव मुद्दाम टाळतो.

मे महिन्यात नांगरट चालू असताना बांध कोरण्यावरून भावकीत वाद झाला. वाद आजोबांच्या वाटणीपासूनचा, आणि मोजणीचा अर्ज दोनदा होऊनही ऐन दिवशी कोणी ना कोणी हरकत घेतल्यामुळे कधीच न मिटलेला. त्या दिवशी माझे थोरले बंधू शेतात एकटे होते. चुलत घरातले दोघे सख्खे भाऊ आणि त्यांचा मेहुणा असे तिघे आले. एकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. डोक्यावर येणारा वार चुकवायला दादांनी डावा हात वर केला आणि कोयता हातावर बसला. कोपराखालची दोन्ही हाडे तुटली, दांड्याचा फटका बसून डोक्याला नऊ टाके पडले. हातात प्लेट टाकली आहे आणि पुढचे दोन हंगाम त्या हाताने जड काम होणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 (खुनाचा प्रयत्न) आणि 118(2) (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली गुन्हा नोंदला गेला. तिघांनाही दुसऱ्या दिवशी अटक झाली, तीन दिवस पोलीस कोठडी आणि नंतर न्यायालयीन कोठडी मिळाली. सव्विसाव्या दिवशी सत्र न्यायालयाने तिघांना जामीन दिला. प्रत्येकी पन्नास हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी ठाण्यात हजेरी आणि साक्षीदारांवर दबाव न आणणे, एवढ्याच अटी. सुनावणी कधी होती, हे आम्हाला कोणी कळवले नाही. सुटका झाल्याचे कळले ते त्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून आमच्या दारावरून गेला तेव्हा.

दादांचे एकच वाक्य आहे. "हात माझा मोडला आणि घरात बसायची वेळही माझ्यावरच आली." मी त्यांना काय उत्तर देऊ? दिवसाढवळ्या, हत्यार घेऊन, ठरवून हल्ला केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे, त्यांना खटला संपेपर्यंत बाहेर सोडावे का? रागाने विचारत नाही. यामागे काही विचार असेल तर तो समजून घ्यायचा आहे, आणि नसेल तर तसेही कोणीतरी स्पष्ट सांगावे.

तालुका_वकील

आपल्या बंधूंना लवकर बरे वाटो. मी तालुका व जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करते आणि जामिनाच्या अर्जात कधी आरोपीच्या बाजूने, कधी मूळ फिर्यादीच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे माझे उत्तर कोणत्याच बाजूला पूर्ण रुचणार नाही.

जामिनाच्या सुनावणीत न्यायालय "याने मारले की नाही" हे ठरवत नाही. ते साक्षीपुराव्यानंतर ठरायचे आहे. तोपर्यंत आरोपीला बाहेर ठेवल्याने खटल्याचे किंवा माणसांचे नुकसान होईल का, एवढाच प्रश्न असतो. 1977 साली राजस्थान सरकार विरुद्ध बालचंद या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे सूत्र मांडले आणि तेव्हापासून प्रत्येक आरोपीचा वकील ते वाक्य न चुकता वाचून दाखवतो. मात्र त्याच निकालात पळून जाण्याची, न्यायाच्या मार्गात अडथळा आणण्याची, पुन्हा गुन्हा करण्याची आणि साक्षीदारांना धमकावण्याची शक्यता हे अपवाद सांगितलेले आहेत, ते पुढचे वाक्य सहसा कोणी वाचत नाही. तेव्हा आपल्या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर "हो" असे असले, तरी त्या शब्दापाशी थांबता येत नाही.

हत्याराच्या गुन्ह्यात न्यायालय जखमेचे स्वरूप, हत्यार जप्त झाले की नाही, ओळखीबाबत शंका आहे का, आरोपीवर पूर्वीचे गुन्हे आहेत का आणि तपासात त्याची आणखी गरज उरली आहे का, हे पाहते. आपल्या प्रकरणात कोयता जप्त झाला असेल, जबाब नोंदवून झाले असतील आणि तिघांवर पूर्वीचा गुन्हा नसेल, तर सव्विसाव्या दिवसाचा जामीन मला धक्कादायक वाटत नाही. सुनावणीची तारीख आपल्याला कळली नाही, ही गोष्ट मात्र मला खटकते. 2022 साली लखीमपूर खेरी प्रकरणात, म्हणजे उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांवर मोटार घातल्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने, पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट म्हटले आणि पीडितांना पुरेशी संधी मिळाली नाही या कारणासह आरोपी आशिष मिश्रा यांना उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. हक्क आहे, पण तारीख आपणहून कळवणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी नाही. सरकारी वकिलांच्या कार्यालयात वारंवार विचारणा करणे, एवढाच खरा उपाय उरतो.

जाता जाता कायद्यातली एक विसंगती सांगते, कारण लोक तिच्यावर वाजवीपेक्षा कमी चिडतात. हत्याराने साधी दुखापत केली तर कलम 118(1) लागते आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. नुसत्या हातांनी किंवा लाथांनी कोणाचे हाड मोडले तर 117(2) लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तो जामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातूनच जामीन हा हक्क. लाथांनी बरगड्या मोडलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे आणि दोन्ही वेळा मला ते नीट समजावता आलेले नाही.

कर्वेनगरकर

वकीलताईंचे म्हणणे वाचले, पण पटले नाही. मी पुण्यात राहते. गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दुकाने आणि गाड्या फोडत जाणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या इतक्या झाल्या आहेत की "कोयता गँग" हा शब्द आता लहान मुलांच्याही तोंडी आहे. आमच्या रस्त्यावरच्या एका दुकानदारावर असाच हल्ला झाला. ज्या मुलांना पकडले, ती काही आठवड्यांत पुन्हा त्याच चौकात उभी होती. आज त्या दुकानदाराला विचारले तर तो सांगतो, मी कोणाचा चेहरा पाहिलाच नाही. ज्या दिवशी ती मुले चौकात परत दिसली, त्या दिवशी त्याची साक्ष संपली. न्यायालयात ती व्हायची राहिली आहे इतकेच.

तुरुंगातून सुटलेल्यांच्या मिरवणुका निघतात, मोटारींच्या रांगा लागतात, चित्रफिती काढल्या जातात. आरोपी निर्दोष समजावा हे मान्य, पण मार खाल्लेल्या माणसाने त्या गृहीतकाची किंमत किती वर्षे मोजायची? माझ्या मते हत्याराने हल्ला करून गंभीर दुखापत केल्याच्या गुन्ह्यात निदान जखमी व्यक्तीची आणि प्रत्यक्षदर्शींची साक्ष न्यायालयात नोंदली जाईपर्यंत जामीन देऊच नये, आणि त्या साक्षी सहा महिन्यांत नोंदवण्याचे बंधन न्यायालयावर घालावे. मकोकामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात, कडक तरतूद चालते, तर इथे का चालू नये?

कडुनिंब

मी आरोपी होतो. हे वाक्य लिहायला मला काही वर्षे लागली.

आमच्याकडचे भांडण पाण्याच्या पाळीवरून झाले. मारामारी खरी होती, समोरच्या एका माणसाचे डोके फुटले हेही खरे होते. पण त्या दिवशी मी गावातच नव्हतो. नोकरीच्या ठिकाणी, दोनशे किलोमीटरवर, हजेरीपटावर सही करून कामावर होतो. फिर्यादीत आमच्या घरातल्या पाचही पुरुषांची नावे घातली गेली आणि माझे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले, कारण घरात नोकरी असलेला मी एकटाच होतो आणि वकिलाचा खर्च करू शकणारा माणूस आत गेला की बाकीचे आपोआप तडजोडीला येतात, हे गणित गावात सगळ्यांना ठाऊक असते. "सर्वांनी मिळून लाथाबुक्क्यांनी, काठ्यांनी व लोखंडी गजाने मारहाण केली" हे वाक्य ज्यांनी पुष्कळ फिर्यादी वाचल्या आहेत, त्यांना पाठ असेल.

मी 74 दिवस आत होतो. नोकरी पहिल्या महिन्यातच गेली. जामीन मंजूर झाल्यावरही नऊ दिवस बाहेर येता आले नाही, कारण जामीनदार म्हणून उभ्या राहणाऱ्या मामांचा सातबारा शेजारच्या जिल्ह्यातला होता आणि लिपिकाला ऐपतीचा दाखला स्थानिक हवा होता. पुढे वकिलांनी मला दाखवले की 1978 सालीच मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या प्रकरणात नेमके हेच घडले होते. मंदसौरच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चांगलेच सुनावले होते. म्हणजे माझ्या जन्माआधी चुकीची ठरलेली गोष्ट माझ्या वाट्याला जशीच्या तशी आली.

खटला सहा वर्षे चालला. मी निर्दोष सुटलो, ज्याने खरोखर काठी मारली त्या माझ्या चुलत्यांना शिक्षा झाली, आणि ती योग्यच झाली असे मी आजही म्हणतो.

कर्वेनगरकर ताई, साक्षी होईपर्यंत जामीन नको, असे आपण म्हणता. माझ्या खटल्यात पहिल्या साक्षीदाराची तपासणी चौथ्या वर्षी झाली. सहा महिन्यांचे बंधन कागदावर येईल, न्यायाधीशांची रिकामी पदे तशीच राहतील आणि बंधन मोडल्याची शिक्षा आत बसलेल्या माणसाला होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302 जणांचा गुन्हा अजून शाबितच व्हायचा होता, म्हणजे दर चारांत तीन. त्यांत खरोखर मारणारे पुष्कळ असतील. पण कोण कोण ते आजच सांगता येत असते, तर खटल्याची गरजच काय होती?

बांधकरी, आपल्या दादांवर झालेला हल्ला खोटा आहे, असे मी सुचवत नाही. फक्त एक विचारतो, आणि उत्तर इथे लिहू नका, मनात द्या. तो मेहुणा खरोखर तिथे होता ना?

जुना_ठाणे_अंमलदार

महाराष्ट्र पोलिसांत 33 वर्षे काढून निवृत्त झालो. त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे ग्रामीण ठाण्यांत गेली. वकीलताईंनी न्यायालयाची बाजू सांगितली, मी कागदाची सांगतो, कारण जामीन पुष्कळदा कागदावरच ठरतो.

आरोपीचा अर्ज आला की न्यायालय पोलिसांचा "से" मागवते. लेखी म्हणणे असा चांगला मराठी शब्द असूनही रोजनाम्यापासून बारनिशीपर्यंत सगळे "से" हाच शब्द वापरतात. तपासी अंमलदाराकडे एकाच वेळी वीस-पंचवीस गुन्हे असतात, त्यामुळे से बहुधा जुन्याच मजकुरावर नवी नावे घालून तयार होतो. "आरोपी फरार होण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल, तरी जामीन नामंजूर व्हावा." हे तीन मुद्दे मी स्वतः किती वेळा लिहिले असतील, त्याची गणती नाही. न्यायाधीश हे रोज वाचतात आणि सर्वांनाच लागू पडणारे वाक्य कोणालाच लागू पडत नाही, हे त्यांना पक्के कळते.

ज्या से मध्ये ठोस गोष्टी होत्या, तिथे जामीन नाकारला गेल्याचे मी पाहिले आहे. अमुक तारखेला याच बांधावरून याच माणसांविरुद्ध अदखलपात्र नोंद झालेली आहे, तिची प्रत जोडली आहे. घटनेनंतर अमुक दिवशी आरोपीच्या भावाने साक्षीदाराच्या घरी जाऊन धमकी दिली, त्याची ठाणे दैनंदिनीत नोंद आहे. दुसरे हत्यार अजून मिळायचे आहे. दोन कुटुंबांच्या घरांमध्ये वीस फुटांचे अंतर आहे. हे शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटते, पण एकदा न्यायाधीशांनी आदेशात तेच उचलले आणि आरोपीने तपास संपेपर्यंत गावात पाऊल ठेवू नये, अशी अट घातली.

अशा अटींचेही खरे सांगतो. गावबंदीची अट ऐन पेरणीच्या तोंडावर घातली की आरोपीचा वकील पंधरा दिवसांत शिथिलतेचा अर्ज देतो, कारण रान पडीक राहील ही अडचणही खोटी नसते. न्यायालय मग सकाळी आठ ते सायंकाळी सहा शेतात येण्याची परवानगी देते. तो सहाला गाव सोडतो की नाही, हे पाहायला माणूस कुठून आणायचा? रविवारच्या हजेरीचे वहीत सही करण्यापलीकडे काही होत नाही आणि चार रविवार न आलेल्या आरोपीबद्दल न्यायालयाला अहवाल गेल्याचे मी फार क्वचित पाहिले. जामीन द्यावा की देऊ नये, यावर जेवढा वाद होतो, त्याच्या दशांशही लक्ष जामीन दिल्यानंतर काय होते यावर कोणी देत नाही. आम्हीही दिले नाही, हे कबूल करतो.

बांधकरी यांना दोन सूचना. एक, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांचे जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायला तपासी अंमलदारांना लेखी विनंती करा. दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार समोर आणला, तर दंडाधिकाऱ्यांनी जबाब नोंदवायचाच आहे, अशी नव्या कायद्यात तरतूद आहे. माणूस नंतर फिरला तर खटला वाचेलच असे नाही, पण फिरणे त्याला आणि फिरवणाऱ्याला जड जाते. दोन, गाणी लावून ट्रॅक्टर नेल्याची तक्रार करू नका, ती हास्यास्पद ठरेल. थांबून काही बोलले असतील, तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार झालेलीच नसते.

तालुका_वकील

अंमलदारसाहेबांच्या प्रतिसादानंतर मला फारसे सांगण्यासारखे उरलेले नाही, पण काही गोष्टींची दुरुस्ती करते.

कर्वेनगरकर, आपल्या चौकातली मुले अठरा वर्षांखालची असतील, तर त्यांना सत्र न्यायालयाचे निकष लागतच नाहीत. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 12 नुसार गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला सोडणे हाच नियम आहे, आणि गुन्हेगारांच्या संगतीत पडण्याचा किंवा त्याला धोका असण्याचा संभव अशा कारणांनीच ते नाकारता येते. कोयत्याच्या प्रकरणांत अशी मुले पुढे केली जातात, त्यामागे हा हिशेब असतो, असे मला वाटते. पण तो प्रश्न जामिनाच्या कायद्याने सुटणारा नाही. मिरवणुकीचेही तसेच. 2021 साली तळोजा कारागृहातून निघालेली मोटारींची जी रांग सगळ्यांच्या लक्षात आहे, ती जामिनावर सुटलेल्या माणसाची नव्हती, खुनाच्या खटल्यांतून निर्दोष सुटलेल्याची होती. तिथे साक्षीदार का टिकले नाहीत, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपण विचारलेल्या प्रश्नाच्या अगदी शेजारचा आहे.

मकोकाच्या कलम 21(4) खाली, आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी आधार आहे आणि तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, अशी दोन्ही बाबतींत खात्री पटल्याशिवाय जामीन देता येत नाही. पण त्या कायद्याखाली येण्यासाठी संघटित टोळी लागते आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची दखल न्यायालयाने घेतलेली असावी लागते. तेवढा पूर्वेतिहास असलेल्या माणसाला ती कसोटी लावणे आणि बांधावरच्या पहिल्याच भांडणात सापडलेल्याला ती लावणे, यांत फरक आहे. सराईत माणसासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंतची तडीपारी आहे, एमपीडीए या धोकादायक गुन्हेगारांविषयीच्या कायद्याखाली स्थानबद्धता आहे. कायद्याची हत्यारे कमी नाहीत, ती कोणावर चालवायची याची निवड नीट होत नाही.

याच ठिकाणी कडुनिंब यांच्या मुद्द्यात भर घालते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे प्रथमच गुन्हा करणाऱ्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडावे लागते. पण जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. जुन्या कायद्यात हा अपवाद फक्त फाशीच्या गुन्ह्यांपुरता होता. कलम 109 खाली दुखापत झाली असेल तर जन्मठेप होऊ शकते, 118(2) मध्येही होऊ शकते. अशा आरोपीला एकदा जामीन नाकारला की त्याने किती वर्षे आत राहायचे याला या कलमाची मर्यादा उरत नाही. ठरलेल्या मुदतीचा एकच हक्क त्याच्याकडे असतो, तो म्हणजे 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर मिळणारा जामीन. आणि तो बहुतेक वेळा पोलिसांच्या दिरंगाईने मिळतो, गुणवत्तेवर नव्हे. फिर्यादी पक्षाने सर्वांत आधी लक्ष ठेवायला हवे ते या तारखेवर. आपल्या आरोपींना आधीच जामीन झाला असल्यामुळे ती धास्ती आता नाही, पण याच कारणाने दोषारोपपत्र रेंगाळते, हेही ध्यानात ठेवा.

बांधकरी, आता आपल्यापुरते. जामीन रद्द करण्याचा अर्ज त्याच संहितेच्या कलम 483(3) खाली करता येतो, परंतु त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की अर्ज फेटाळला जातो. आदेशच चुकीचा होता, महत्त्वाचा पुरावा विचारात घेतला नाही, असे म्हणायचे असेल तर वरच्या न्यायालयात जावे लागते आणि आरोपीने सुटल्यावर काय केले, हे तिथे सांगावे लागत नाही. आदेश ठीक होता पण आरोपीने सवलतीचा गैरवापर केला, असे म्हणायचे असेल तर त्याच न्यायालयात जाता येते, मात्र मग सुटल्यानंतरची ठोस घटना लागते; 1995 च्या दौलत राम निकालापासून, दिलेला जामीन काढून घ्यायला भक्कम कारण लागते, हे पक्के आहे. आपल्याकडे आज दोन्हींपैकी काहीच पुरेसे दिसत नाही.

मी आपल्या जागी असते, तर सरकारी वकिलांमार्फत अटी वाढवून मागितल्या असत्या. आपल्या बंधूंची आणि प्रत्यक्षदर्शींची साक्ष होईपर्यंत तिघांनी गावात राहू नये, शेतीसाठी यायचे झाल्यास त्या गटाकडे जाणारा दुसरा रस्ता वापरावा, असे नेमके मागणे. आशिष मिश्रा यांनाही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम जामीन दिला, तेव्हा उत्तर प्रदेश आणि दिल्ली परिसरात राहायचे नाही, अशी अट होती. राज्याबाहेर राहायला लावता येते, तर गावाबाहेर का लावता येऊ नये, हा युक्तिवाद मी एकदा केला आहे आणि तो चालला आहे. सोबत साक्षीदार संरक्षणाचा अर्ज द्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे हा अर्ज जातो आणि पोलिसांना धोक्याचा अहवाल द्यावा लागतो. संरक्षण मिळेल न मिळेल, अहवालाच्या निमित्ताने एक अधिकारी गावात येऊन दोन्ही घरांत विचारपूस करून जातो, त्याचाही उपयोग होतो.

बांधकरी

सर्वांचे आभार. कडुनिंब यांचा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर दिले नाही. मनातच द्या म्हणाले होते, तरी इथे लिहितो. मेहुणा तिथे होता, हे दादा ठाम सांगतात. पण त्याने हात उचलला की तो नुसता उभा होता, हे मी दादांना आजवर विचारलेच नव्हते. काल विचारले. दादा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो त्यांना ओढत होता की ढकलत होता, ते मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत रक्त आलं होतं." फिर्यादीत त्याने दांड्याने मारले असे लिहिले आहे. फिर्याद मी सांगितली होती, दादा तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. आता याचे काय करायचे, ते वकीलताईंना वेगळ्या संदेशातून विचारणार आहे.

बाकीच्या दोघांबद्दल माझे मत फारसे बदललेले नाही. त्यांना जामीन मिळायला नको होता, असे मला अजूनही वाटते. फक्त "कोणालाच मिळू नये" हे वाक्य आता माझ्या तोंडून निघणार नाही. अटी वाढवून मागण्याचा अर्ज तयार होत आहे. अंमलदारसाहेबांच्या सूचनेप्रमाणे जबाबाची विनंतीही लेखी दिली आणि पोच घेतली.

त्या दिवशी सगळे पाहणारा बाहेरचा माणूस एकच आहे, आमच्या शेजारच्या गटाचे शेतकरी. त्यांची विहीर आरोपींच्या सामाईकीत आहे आणि पाण्याची पाळी त्यांच्याकडून येते. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब देण्याविषयी मी परवा त्यांना भेटलो. नाही म्हणाले नाहीत. पेरणी उरकू दे, मग बघू, असे म्हणाले.